साडेचार की साडेपाच?

२०२५चा पाडवा ब्रिटनमधल्या मराठी माणसांच्या लक्षात राहील. आदल्या दिवशी, शनिवारी, अमावास्येला इथे खंडग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राने भर सकाळी सूर्याचा लचका तोडला. त्यातून सूर्य जेमतेम सावरला, तर त्याच रात्री एक वाजता सरकारने एकदम दोन वाजवले. मार्चचा शेवटचा रविवार आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा एकाच दिवशी आल्या होत्या. साडेतीन मुहूर्तांतला एक सबंध मुहूर्त, पंचांग न उघडता काहीही सुरू करावं असा दिवस, आणि नेमका तोच तेवीस तासांचा.

पंचांग न उघडता हे बोलायला ठीक. आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर शनिवारी संध्याकाळपासून पंचांगाशिवाय दुसरा विषय नव्हता. भारतात प्रतिपदा रविवारी दुपारी पाऊणच्या सुमारास संपत होती. मग आपल्याकडे किती वाजता? एका काकांनी लिहिलं, ‘साडेपाच तास वजा करा. सव्वासात.’ एका काकूंनी लगेच, ‘साडेपाच नाही हो, साडेचार. उद्यापासून उन्हाळी वेळ. सव्वाआठ.’ काका म्हणाले, तिथी आजच लागली आहे, मग आजच्याच हिशेबाने नको का मोजायला? त्यावर आणखी एकाने विचारलं, की तिथीला पार्लमेंटचा कायदा लागू होतो का. असा एक आवाज प्रत्येक गटात असतो आणि त्याला उत्तर कधीच द्यायचं नसतं. काकांनी दिलं. रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली. ते नव्या वेळेने साडेबारा धरायचे की नाही, यावर आणखी पंधरा मिनिटं गेली. एका घरात शेवटी तडजोड झाली: गुढी नव्या वेळेने उभारली आणि जुन्या वेळेने उतरवली. त्या घराला तास कमी पडला नाही.

या सगळ्याचं मूळ आमच्यापासून बसने जाण्याइतकं जवळ आहे. लंडनच्या आग्नेय टोकाला चिझलहर्स्ट नावाचं उपनगर आहे, तिथे विल्यम विलेट नावाचे बांधकाम व्यावसायिक राहत. ते पहाटे घोड्यावरून रपेटीला जायचे आणि येताना लोकांच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले बघायचे. एवढं छान ऊन पडलंय आणि ही माणसं झोपली आहेत! दुसऱ्याच्या झोपेचा इतका त्रास करून घेणारा माणूस आपल्याकडेही प्रत्येक सोसायटीत एक असतो. त्याला आपण सेक्रेटरी करतो आणि विषय संपतो. विलेटना कोणी सेक्रेटरी केलं नाही, म्हणून त्यांनी १९०७ मध्ये पुस्तिका छापली. त्यांची मूळ योजना तर आजच्यापेक्षा भयंकर होती. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे न्यायचं, एकूण ऐंशी मिनिटं, आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तसंच मागे आणायचं. म्हणजे वर्षातून आठ वेळा स्टुलावर चढायचं. विलेटना गोल्फचा नाद होता आणि संध्याकाळी अंधार पडला की डाव अर्धा सोडावा लागायचा, हेही सांगायला हवं. त्यांच्या आधी, १८९५ मध्ये, न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी दोन तासांचा बदल सुचवला होता. हडसन टपालखात्यात नोकरीला होते आणि कामावरून सुटल्यावर त्यांना किडे गोळा करायला उजेड हवा होता. एकाचा गोल्फ, एकाचे किडे. माझ्या झोपेचा निकाल या दोन छंदांनी लावला.

विलेट १९१५ मध्ये वारले. तोवर पार्लमेंटने त्यांचं ऐकलं नव्हतं. पुढच्याच वर्षी महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने ३० एप्रिलला घड्याळं पुढे केली, आणि मग मात्र ब्रिटनने तीन आठवड्यांत, २१ मे रोजी, तेच केलं. आपल्या माणसाने सांगितलेलं पटत नाही, शत्रूने केलं की पटतं. पेट्स वुडच्या रानात विलेट यांचं स्मारक म्हणून एक सूर्यघड्याळ आहे. ते उन्हाळी वेळ दाखवतं. बाराही महिने. हिवाळ्यात ते तासभर चुकतं आणि सूर्याला काही करता येत नाही. जवळच ‘डेलाइट इन’ नावाचा पबही आहे, तिथे संध्याकाळी जागा मिळत नाही.

हिवाळ्यात ब्रिटन आणि भारत यांच्यात साडेपाच तासांचा फरक असतो, आणि त्यात एक मौज आहे. काट्यांचं घड्याळ मनगटावरून काढून उलटं धरलं, सहा वर आणि बारा खाली, की भारतातली वेळ दिसते. इथे तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेआठ. मला भूगोलातली एवढी एकच सोय आयुष्यात उपयोगी पडली. नवऱ्याने इथे आल्या-आल्या ती मला दाखवली होती, स्वतः शोध लावल्याच्या थाटात. मार्चच्या त्या रविवारी ही सोय मोडते. घड्याळ उलटं धरा, आडवं धरा, मग डोंबिवलीची वेळ त्यात सापडत नाही.

डोंबिवलीत आई असते. तिला हा प्रकार मान्य नाही. समजत नाही असं नव्हे, उत्तम समजतो, मान्य नाही.

“अगं, तुम्ही घड्याळ हलवलंत ना, मग तुम्ही लवकर फोन करा. मी का बदलायचं?”

“आई, बदलायचं काहीच नाही. तू नेहमीच्याच वेळी फोन घे. फक्त माझ्याकडे तेव्हा अडीचच्या ऐवजी साडेतीन वाजलेले असतील.”

“मग अडीचला कर.”

“अडीचला केला तर तुझ्याकडे सात वाजतील.”

“सातला महाएपिसोड असतो.”

यात भावाची भर. तो न्यू जर्सीत. अमेरिकेत २००७पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारीच घड्याळ पुढे जातं, आमचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे त्याच्या वेळेचा आमच्या कोणाशीच नेहमीचा संबंध उरत नाही. त्या काळात आमच्या घरात सर्वाधिक बोललं जाणारं वाक्य म्हणजे “तुझ्याकडे आत्ता किती?” फोनवर दहा मिनिटं याच्यातच जातात. मग आई म्हणते, “बरं, बोलणं झालं, ठेवते.”

आईचा हा ताठा घराण्यातला आहे. तिचं बालपण गिरगावात गेलं, वडील महापालिकेत कारकून. १९०६ मध्ये सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईत गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, दगडफेक झाली. महापालिकेने तर आपली मुंबई वेळ, प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागची, १९५५पर्यंत सोडली नाही. स्वातंत्र्य येऊन आठ वर्षं झाली तरी! स्टेशनवरच्या घड्याळात एक वेळ, महापालिकेत दुसरी. आजोबांना कोणी वेळ विचारली, की ते आधी “कुठली?” असं विचारत, आणि ही खोड १९५५नंतरही गेली नाही. एकोणचाळीस मिनिटांसाठी ज्यांनी पन्नास वर्षं दम धरला, त्यांची मुलगी एका तासासाठी महाएपिसोड सोडेल?

घरातल्या वस्तूंचं म्हणाल तर फोन रात्री गुपचूप बदलतो. बाकीच्यांना हाताने बदलावं लागतं आणि नवऱ्याला या कामाचा अभिमान आहे. तो शनिवारी रात्रीच स्टूल काढतो. ओव्हनच्या घड्याळासाठी दोन बटणं एकदम दाबून तिसरं फिरवायचं असतं; कोणती दोन, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आहे, आणि ती पुस्तिका कुठे आहे हे दर सहा महिन्यांनी नव्याने शोधायचं असतं. बॉयलरचा टायमर विसरला गेला, तर आठवडाभर घर आपण उठून तासभर कुडकुडल्यावर तापतं. गाडीतल्या घड्याळाला मात्र आम्ही हात लावत नाही. ते विलेटच्या सूर्यघड्याळाची बरोबर उलटी बाजू सांभाळतं.

संकष्टी करणाऱ्यांची कथा वेगळीच. जून-जुलैत इथे रात्री अकरा वाजून गेले तरी चंद्र दिसत नाही. यात मोठा वाटा अक्षांशाचा आहे, हे मलाही कळतं. पण वरचा तास सरकारने घातलेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीने कामावर जायचं असलं की शिव्या अक्षांशाला देता येत नाहीत. डिसेंबरात याचा वचपा निघतो. चारच्या आधी सूर्य मावळतो. दुपारचा चहा आणि सांजवात एकाच वेळी.

हे घड्याळ पुढे-मागे करणं बंद करावं असं सगळ्यांनाच वाटतं. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मतदान करून २०२१ पासून बंद करायचं ठरवलंसुद्धा. अजून चालू आहे. अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये विधेयक एकमताने मंजूर केलं, ते पुढच्या सभागृहात बसून राहिलं. अडचण अशी, की बंद करायचं म्हटल्यावर घड्याळ नेमकं कुठे थांबवायचं यावर कोणाचंच जमत नाही. ब्रिटनने १९६८ ते १९७१ वर्षभर उन्हाळी वेळ ठेवून पाहिली होती. स्कॉटलंडमधली मुलं हिवाळ्यात काळोखात शाळेत जाऊ लागली, आणि पुन्हा जैसे थे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तास परत मिळतो. रात्रीचे एक ते दोन दोनदा वाजतात. माझी शेजारीण नर्स आहे, त्या रात्री तिची पाळी एका तासाने लांबते. त्या रात्री दीडला मूल जन्मलं तर कुठला दीड, हे कागदावर नीट लिहून ठेवावं लागतं. तिने हे सहज सांगितलं, पण मला आमचा दादामामा आठवला.

आईचा हा मोठा भाऊ जन्मला १९४३ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातही घड्याळं तासभर पुढे केलेली होती. त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करायचा असतो, हे जाणत्या ज्योतिषाला ठाऊक असतं. दादामामाची पत्रिका करणाऱ्याला नव्हतं. मामाचं लग्न चाळिशीत झालं, तेव्हा कोणीतरी दुसऱ्या ज्योतिषाकडून पत्रिका नव्याने करून आणली, आणि लग्नराशीच बदलली. पहिल्या पत्रिकेत सिंह लग्न, दुसरीत कर्क. घरात हळहळ झाली. मुलीकडचे परत गेले ते सिंहामुळे, बँकेची परीक्षा हुकली ती सिंहामुळे. मामा मात्र मजेत होता.

परवा मी त्याला फोनवर विचारलं, “मामा, मग शेवटी तू कोणती पत्रिका खरी धरलीस?”

“दोन्ही ठेवल्यात गं,” मामा म्हणाला. “पेपरात आठवड्याचं भविष्य येतं ना, त्यात सिंह वाचतो, मग कर्क वाचतो. जे बरं असेल ते आपलं.”