जाहिरात शेवटून वाचावी

नोकरीची जाहिरात शेवटून वाचावी. वरचा पदांचा आकडा सगळेच वाचतात; खालच्या बारीक टिपा फारसे कोणी वाचत नाही. ‘पदसंख्येत वाढ किंवा घट होऊ शकते’, ‘मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे’, ‘कोणतेही कारण न देता भरती रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ ही तीन वाक्ये पचली, की उमेदवाराची निम्मी तयारी झाली असे समजावे.

नांदेड-लातूरकडे जाहिराती दोन प्रकारच्या असतात: निघालेल्या आणि निघणाऱ्या. दुसऱ्या अधिक दीर्घायुषी. ज्या लातूरने बारावीचा ‘पॅटर्न’ राज्याला दिला, तिथे या वाट पाहण्याचाही पॅटर्न बसला आहे: पहाटे ग्राउंड, दुपारी अभ्यासिका, रात्री चालू घडामोडी. जाणता उमेदवार याच काळात कागद काढून ठेवतो. कारण भरतीत उमेदवाराआधी त्याचे कागद तपासले जातात.

रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, एमएस-सीआयटी हे कागद एकदा काढले की बरीच वर्षे पुरतात. नॉन-क्रीमी लेयरला मात्र मुदत असते आणि ती नेमकी जाहिरातीच्या आदल्या महिन्यात संपते. लिपिक व्हायचे तर टंकलेखन लागते: मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. दहावीच्या सनदेवर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘ज्ञानोबा’ असेल, तर पात्र कोण हे सेतूवाल्यालाही सांगता येत नाही. अशी दुरुस्ती जाहिरातीआधीच उरकावी.

फॉर्म पहिल्या आठवड्यात भरावा. शेवटच्या रात्री सर्व्हरसुद्धा माणसासारखाच थकतो. पुढे साहेब झाल्यावर जी सही ऐटीत ठोकायची, ती इथे मोजक्या केबीत बसवावी लागते. फी भरल्याची पावती जपावी.

स्पर्धेचा अंदाज २०२३च्या तलाठी भरतीवरून येतो. पदे ४,६४४, अर्ज दहा लाखांहून अधिक. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. परीक्षा अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून काठिण्यपातळी जुळवण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण झाले आणि २०० पैकी २१४ गुणही निघाले. तेव्हा पैकीच्या पैकी मिळाले म्हणून गाफील राहू नये.

पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक लागते. फुगवण्याचा सराव गावात आधीच झालेला असतो. खरी पंचाईत १,६०० मीटरला होते. त्यासाठी जाहिरातीची वाट न पाहता पळत राहावे.

खासगी ‘पाहिजेत’चे शास्त्र वेगळे आहे. ‘अनुभवी असल्यास प्राधान्य, नवखेही चालतील’ याचा अर्थ पगार नवख्याचा आणि काम अनुभवी माणसाचे. ‘आकर्षक वेतन’ लिहिले असेल, तर आकडा फोनवरच विचारावा. काम, वेळ, सुट्टी आणि पगार हे चार प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. नोकरी देण्याआधी डिपॉझिट मागणाऱ्याला नमस्कार करून निघावे; पगार देणारा पैसे मागत नाही.

‘लागलास का कुठं?’ हा प्रश्न मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नसतो. ‘फॉर्म भरलाय’ हे उत्तर लग्नकार्यात सहा महिने पुरते. पुढे नियुक्तीपत्र आले, तरी फाईल माळ्यावर टाकू नये. रुजू झालेला तलाठी पुढच्याच महिन्यात पीएसआयचा फॉर्म भरतो आणि तिथेही नॉन-क्रीमी लेयर ताजेच लागते.