घाम तुमचा, श्रेय गोळीचं

केरळात माशाच्या कालवणाला आंबटपणा आणतात तो कुडमपुळीने. ही आपल्या कोकमाची चुलत बहीण. काळीकुट्ट, सुरकुतलेली, धुराचा वास असलेली साल. दोन तुकडे मातीच्या भांड्यात टाकले की काम झालं. हीच साल अर्क काढून कॅप्सूलमध्ये कोंबली की तिचं बारसं होतं ‘गार्सिनिया कंबोजिया’ आणि ती चरबी वितळवू लागते. कालवणात असताना हा पराक्रम तिने कधी केला नव्हता. मल्याळी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ते कालवण भुरकतोय आणि कोकणी माणूस सोलकढी. दोघांच्याही ढेऱ्या आपापल्या जागी सुखरूप आहेत.

शास्त्र अगदीच नाही असं नव्हे. या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवतं. उंदरांवर प्रयोग झाले, उंदीर कमी खाऊ लागले, लठ्ठ होईनात. पण आपल्या अंगावरची बरीचशी चरबी शरीराला साखरेतून बनवावीच लागत नाही. ती वडे, फरसाण आणि बटर पावभाजीतून तयारच येते. कारखाना बंद केला, पण माल बाहेरून उतरतोच आहे.

माणसांवरचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, निकाल 1998 मध्ये छापून आला. 135 जाडी माणसं, 12 आठवडे, सगळ्यांना एकच कमी उष्मांकाचा आहार. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. खऱ्या गोळीवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं 4.1 किलोने. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, म्हणजे दोन्ही गोळ्या सारख्याच. उतरवलं ते आहाराने. तरीही खोटी गोळी कुणी बाजारात आणली नाही, हा तिच्यावर अन्यायच.

पुढे 2012 मध्ये टीव्हीवरच्या डॉ. ऑझनी गार्सिनिया घरोघर पोचवलं. त्याच वर्षी न भाजलेल्या कॉफीचा, म्हणजे ग्रीन कॉफीचाही डंका त्यांनीच पिटला. तिचा पुरावा आपल्या भारतात गोळा झाला होता, तोही अवघ्या 16 माणसांवर. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या प्रयोगातल्या वजनांच्या नोंदी फिरवल्याचं म्हटलं, 2014 मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला आणि तो करवून घेणाऱ्या कंपनीला 35 लाख डॉलर मोजावे लागले. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने ऑझसाहेबांना बोलावून झाडलं. 2025 पासून ते अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा योजनांचे प्रमुख आहेत. प्रेक्षकांचं वजन उतरलं की नाही कोण जाणे, साहेब मात्र वजनदार झाले.

आपल्याकडे 1954 चा कायदा आहे. लठ्ठपणा बरा करतं अशी औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. म्हणून बाटली औषध नसते, ‘अन्न’ असते. ‘औषधी वापरासाठी नाही’ असं तिच्यावर नियमानुसार छापलेलं असतं. आता हे अन्न कुठे मिळतं? औषधाच्या दुकानात. कसं घ्यायचं? जेवणाआधी, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर. भात-आमटी असं घेतलेलं ऐकलंय कुणी?

वर हिरवं पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. नैसर्गिक तर धोतराही आहे. गार्सिनियाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींचं यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. क्वचित प्रकरण यकृत बदलण्यापर्यंत गेलं. कालवणातले दोन तुकडे आणि रोजचा घट्ट अर्क यांत फरक असतो, पण ‘आपलं आयुर्वेदिकच आहे ना’ म्हणून लोक डॉक्टरांनाही सांगत नाहीत. डॉक्टर मग काविळीचं कारण उसळीपासून उसाच्या रसापर्यंत शोधत बसतात.

बाटलीवरचं सर्वांत प्रामाणिक वाक्य तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतं: संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत घ्यावे. त्यातला ‘घ्यावे’ तेवढा खोडा आणि उरलेलं तंतोतंत पाळा. वजन उतरेल, खिसा मात्र जडच राहील.