कथकलीला एक रात्र द्या

केरळ सहलीचं कुठलंही पत्रक उघडा. ठेक्कडीच्या नाहीतर कोचीच्या संध्याकाळी कथकली असतेच. दुपारी मसाल्याची बाग, सहा ते सात कथकली, आठला जेवण. निवेदक माईकवर एकेका रसाचं नाव घेतो, नट तो तो रस चेहऱ्यावर आणतो, भुवया थिरकतात, टाळ्या पडतात. मग एखाद्या प्रसंगाचा तुकडा, मग नटाच्या शेजारी उभं राहून फोटो. बसमध्ये चढताना सगळे म्हणतात, चला, कथकली झाली बघून.

झालेली नाही. मुळाक्षरं ऐकून कविता ऐकल्यासारखं होत नाही, तसंच हे आहे. त्या तासात ओळख होते. खेळ पुढेच राहतो आणि आपण जेवायला जातो.

यात नटांकडे बोट दाखवू नका. पहाटे अंधारात उठून डोळे फिरवण्याचा सराव करत, अंगाला तेल लावून गुरूच्या पायाखाली रगडून घेत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, ते हौसेनं तासाचा खेळ करत नाहीत. देवळांचे उत्सव मोसमी असतात आणि घर बारा महिने चालवावं लागतं. पर्यटकांसमोरचा तास त्यांना रोजी देतो, तो चालूच राहावा. माझं भांडण आहे ते तासालाच कथकली म्हणून विकणाऱ्यांशी आणि घड्याळ बघत ती विकत घेणाऱ्या आपल्याशी.

कथकलीत वेळ का लागतो, ते समजून घ्या. नट तोंडातून एक शब्दही काढत नाही. त्याच्यामागे दोन गायक उभे असतात. मुख्य गायकाच्या हातात चेंगिला, म्हणजे काशाची तबकडी, आणि जोडीदाराकडे झांजा. ते पदाची एक ओळ गातात. नट ती ओळ हातांनी, डोळ्यांनी, गालांनी शब्दाशब्दानं मांडतो. त्याचं मांडून होत नाही तोवर गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा गातात, दर खेपेला थोडी वेगळी. चेंडा नावाचा ढोल वाजवणाऱ्याची नजर नटाच्या बोटांवर खिळलेली असते, कारण बोट वळलं की काठी पडली पाहिजे. मूळ मुद्रा अवघ्या २४ आणि त्यांतून अख्खं महाभारत उभं करायचं. स्त्रीपात्र आलं की चेंडा बहुधा थांबतो, एडक्का नावाचं वाद्य पुढे येतं आणि मंचावरची हवाच बदलते. हे सगळं कापून छोटं करायला गेलात तर हातात मुखवट्याएवढा चेहरा तेवढा उरतो.

आणि खरी मजा पदं संपल्यावर आहे. गायक थांबतात, वाद्यं चालू राहतात आणि नट मोकळा होतो. कोट्टयत्तु तंपुरानांचं ‘कल्याणसौगंधिकम्’ घ्या. द्रौपदीसाठी फूल आणायला निघालेला भीम दाट रानात शिरतो. तिथे त्याला एक हत्ती दिसतो. हत्तीचा पाय अजगरानं धरलाय आणि तेवढ्यात समोरून सिंह येतो. मंचावर माणूस एकच. दोन्ही तळवे कानांपाशी हलले की तो हत्ती. पायाला ओढ बसते, हत्ती आधी नुसता झटकून बघतो, मग दुसऱ्यांदा झटकतो आणि पाय सुटत नाही हे त्याला कळतं. ते कळणं नटाच्या डोळ्यांत उतरताना मी पाहिलंय. कान हलायचे थांबले, मान किंचित मागे गेली आणि नजर खाली वळायला धजेना. पुढच्याच क्षणी तोच माणूस अजगर झाला, डोळे थंड, जबडा सावकाश उघडणारा. मग सिंह. मग पुन्हा भीम, हे सगळं लांबून बघणारा. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही, पण आसपास कुणी जागचं हललं नव्हतं. ही पाच मिनिटांत दाखवायची गोष्टच नव्हे. हत्ती आधी रमतगमत, पानं मोडत यायला हवा, तरच तो सापडल्यावर आपल्या पोटात गोळा येतो.

लोक म्हणतात, भाषा कळत नाही. ही सबब चालायची नाही. याच गोष्टीतली भीम आणि हनुमंताची गाठ आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे, आणि पदांत संस्कृत इतकं मिसळलेलं असतं की कान दिला तर ओळखीचे शब्द सापडत राहतात. शिवाय आपण मराठी माणसांनी तरी हे बोलू नये. १८४२ साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. हे आपलं नव्हे म्हणत दरबार उठून गेला असता, तर मराठी नाटकाची सुरुवात कुठून आणि कधी सांगावी लागली असती, कोण जाणे. आणि कुडाळ-वेंगुर्ल्याच्या जत्रेत ज्यांनी दशावतार पहाटेपर्यंत पाहिलाय, त्यांना रात्रभर बसायला कुणी शिकवायला नको.

मग बघायची कुठे? कोचीला उतरलात तर तृप्पूणितुरा हाकेच्या अंतरावर आहे. २०२४ पासून मेट्रो तिथपर्यंत जाते. तिथल्या पूर्णत्रयीश मंदिराचा वृश्चिकोत्सव नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास आठ दिवस चालतो आणि त्यात रात्री कथकली असते. संध्याकाळी चेंडा-मद्दळम ही वाद्यं घुमून गावाला वर्दी देतात, आज खेळ आहे. तेव्हाच जा. रंगपटात डोकावायला मिळालं तर सोडू नका. नट चटईवर उताणा पडलेला असतो आणि त्याच्या डोक्याशी बसलेला चुट्टीचा कारागीर त्याच्या जबड्याच्या कडेनं तांदळाच्या लुकणानं कागदाची पांढरी कड बसवत असतो. घाई नावालाही नाही. काही तास जातात, नट मध्येच झोपतोसुद्धा. शेवटी चुंड नावाच्या झाडाचं बारीकसं बी पापणीत सरकवलं की डोळे लाल होतात आणि उठून बसतो तो कुणी वेगळाच. समोर उंच समई पेटते. तिची जाड वात नटाकडे, बारीक वात प्रेक्षकांकडे. दोघेजण रंगीत पडदा धरून उभे राहतात आणि पलीकडून कत्ती नावाच्या वेषातला खलनायक आधी नुसता गुरगुरतो, मग नखं लावलेली बोटं पडद्याच्या काठावर ठेवतो, मग पडदा खाली ओढून एकदा चेहरा दाखवतो. तेवढ्यानं पुढच्या रांगेतली झोपलेली पोरं जागी होतात.

तिथे प्रेक्षक बघण्यासारखे असतात. म्हाताऱ्या बायकांना पदं पाठ असतात, ओठ हलताना दिसतात. कुणी दोन वाजता चहा पिऊन येतं, कुणी कोपऱ्यात लवंडतं आणि आपल्या आवडीचा प्रसंग आला की बरोबर उठून बसतं. तुम्हीही डुलकी घ्या, कुणी रागावत नाही. मोबाइलचा दिवा मात्र नटाच्या तोंडावर मारू नका. विजेचे दिवे आता तिथेही आले आहेत, पण फ्लॅशनं समोरच्या नटाची नजर तुटते आणि त्याच्या नजरेवरच तर सगळं चाललेलं असतं. देवळाचा वेषाचा नियम असेल तो पाळा. तिकीट बहुधा नसतंच.

ज्यांना शिकणं-शिकवणं पाहायचंय त्यांनी भारतप्पुळेकाठी चेरुतुरुत्तीला जावं. कवी वल्लत्तोळ नारायण मेनन आणि त्यांचे सहकारी मुकुंद राजा यांनी १९३० साली उभं केलेलं कलामंडलम तिथे आहे. तिथल्या कथकलीच्या वर्गांत २०२१ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. हे फार आधी व्हायला हवं होतं, कारण तृप्पूणितुऱ्यात बायकांचं स्वतंत्र कथकली मंडळ १९७५ पासून खेळ करत होतं. भीमही त्याच आणि दुःशासनही त्याच. ज्यांना वाटतं की ही कला पोथीत बंद आहे, त्यांनी तो इतिहास जरा वाचावा.

आता सहल कंपन्यांना सरळ सांगतो. देवळांच्या उत्सवांचा मोसम पाऊस ओसरल्यापासून मेपर्यंत असतो आणि तुमच्या बसगाड्या दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत भरून जातात. म्हणजे तारखा जुळलेल्याच आहेत, तुम्ही फक्त बघितलेलं नाही. खरेदीची एक संध्याकाळ कमी करा, दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी सोडा आणि आदल्या दिवशी बसमध्ये त्या रात्रीच्या खेळाची गोष्ट अर्धा तास नीट सांगा. हे करायला पैसे लागत नाहीत.

आणि पैसे भरणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी विचारायचं, आमच्या तारखांना कुठल्या देवळात रात्रभर कथकली आहे? उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या कंपनीकडे जा.