सहा चमच्यांची टेकडी

डॉक्टरांनी ‘रोज अर्धा तास चाला’ म्हटल्यावर काकांनी आधी बूट घेतले, मग पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि तिसऱ्या दिवशी खेळाडू पितात तसल्या निळ्या पेयाची बाटली आणली. बासष्टाव्या वर्षी तसली बाटली हातात आली की माणूस आपोआप ताठ चालतो. तळजाईच्या टेकडीवर काकाही तसेच चालू लागले. दोन बाकांवर महापालिकेचा कारभार चर्चेला येई, तेवढाच काय तो खंड.

घरी चहा मात्र बिनसाखरेचा. ‘माझी शुगर बॉर्डरवर आहे,’ हे ते अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलगा सैन्यात आहे.

एकदा काकूंनी भिंग घेऊन त्या बाटलीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं. ‘१०० मिलीमध्ये साखर ६ ग्रॅम.’

“सहाच ना?” काका म्हणाले.

“अहो, बाटली ५०० मिलीची आहे.”

काकूंनी स्टीलची वाटी घेतली आणि सपाट चमच्याने साखर मोजली. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर एकूण सहा चमचे. चहात अर्धा चमचा पडला तर कप परत करणारा माणूस वाटीकडे बघत राहिला. तीस ग्रॅम साखरेच्या १२० कॅलरी होतात. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी चालला तर साधारण तेवढ्याच खर्च होतात. म्हणजे काका टेकडी चढून जे कमवत होते, ते बाकावर बसून पीत होते.

मुळात हे पेय काकांसाठी झालंच नव्हतं. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या फुटबॉल संघाच्या एका प्रशिक्षकाला प्रश्न पडला, की सामन्याच्या वेळी खेळाडूंना लघवीला का होत नाही? मूत्रपिंडाचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांनी उत्तर शोधलं. सगळं पाणी घामावाटे जात होतं, आणि त्याबरोबर क्षारही. त्यांनी पाणी, मीठ, साखर एकत्र केली. चव इतकी भयानक झाली, की बायकोच्या सल्ल्यावरून त्यात लिंबू पिळावं लागलं. ‘गेटोरेड’ जन्माला आलं ते असं. तिकडे उन्हात घामाघूम होणाऱ्या पोरांना लघवी होत नव्हती; इकडे काकांना अर्ध्या तासात दोनदा आडोसा शोधावा लागतो. तासाभराहून जास्त दमछाक होणार असेल तर ही साखर कामाची. त्याआतल्या व्यायामाला माठातलं पाणी पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेच्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत असतील तर आणखी बरं. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही पाच टक्के साखर भरते २५ ग्रॅम. म्हणजे काकांचा कोटा सकाळी सातच्या आतच संपत होता. बरं, पातळ साखरेनं पोट भरत नाही. घरी येऊन पोह्यांची बशी असतेच. २०१० साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा गोड पेयं रोज एक-दोनदा पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका, ती क्वचितच पिणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी जास्त आढळला. शिवाय त्यातलं आम्ल दातांचं कवच झिजवतं. याची काकांना फिकीर नव्हती. त्यांचे दात रात्री पेल्यात असतात.

बाटलीची खरी परीक्षा झाली ती नातवाला जुलाब लागले तेव्हा. काका निळी बाटली घेऊन धावले. “अगं, इलेक्ट्रोलाइट आहेत यात!”

काकूंनी बाटली बाजूला ठेवली. जुलाबात द्यायच्या ओआरएसच्या, म्हणजे क्षार-साखरेच्या, एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. आतड्यात ग्लुकोज सोडियमला हाताला धरून आत नेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. साखर फार झाली, की उलट तीच पाण्याला आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. काकांच्या बाटलीत साखर कितीतरी जास्त आणि मीठ कितीतरी कमी.

चुकणारे काका काही एकटे नव्हते. दुकानात कित्येक वर्षं गोड पेयांच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरं असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठेक वर्षं झुंज दिली, तेव्हा ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ते नाव लावायला बंदी घातली.

काकांना मेडिकलमध्ये पिटाळण्यात आलं. ते ओआरएसची पुडी घेऊन आले, काकूंनी ती लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली आणि चमच्या-चमच्यानं पाजली. नातू दोन दिवसांत खेळायला लागला.

काकांच्या बाटलीत आता साधं पाणी असतं. बाकावरच्या मंडळींना हे ठाऊक नाही, कारण लेबल त्यांनी अजून काढलेलं नाही.