तीस अंशांवरचे काका

गाडी नीट चालायला लागली की काका बिघडतात, हे काकूंचं मत आमच्या मिशिगनच्या मराठी मंडळात आता सर्वमान्य झालंय. गाडी म्हणजे १९८४ ची ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम. आठ सिलिंडर, पाच लिटरचं इंजिन आणि वर रॉचेस्टर क्वाड्राजेट नावाचा चार तोंडांचा कार्ब्युरेटर. ओल्ड्समोबिल २००४ साली बंद झाली. तिचं मूळ गाव लॅन्सिंग, आणि काकांचं घर तिथून फार लांब नाही. त्यामुळे बंद पडलेल्या कंपनीचं उरलंसुरलं काम आता आपल्याकडे आलंय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

कार्ब्युरेटर साधा असता तर काका त्याच्याकडे फिरकलेही नसते. साधे कार्ब्युरेटर त्यांनी तरुणपणी पुण्यात प्रीमियर पद्मिनीवर उघडून, पुसून, लावून संपवले. हा वेगळा आहे. धुराचे नियम कडक झाले तेव्हा, १९८१ मध्ये, जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर घातला. पण फ्युएल इंजेक्शन सगळीकडे यायला अजून अवकाश होता. मग जुनाच कार्ब्युरेटर ठेवला आणि त्याच्या पोटात एक सोलेनॉइड बसवला. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर सोलेनॉइडला सेकंदाला दहा वेळा खालीवर नाचवतो, आणि त्या नाचण्यावर पेट्रोल कमी-जास्त होतं. काही गाड्यांत ही तडजोड १९९० पर्यंत चालली. बाकी जगानं नंतर ती सोडून दिली. काकांनी तेव्हाच धरली.

गेल्या उन्हाळ्यात गाडी उभ्या जागी मिसिंग मारायला लागली आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरात गेले आणि काही न बोलता काकूंच्या अंबाड्यातला एक आकडा काढून घेतला. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. पोहे परतत राहिल्या. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली, बारा खणांचा एक कनेक्टर असतो. त्यातले ए आणि बी हे खण जोडले की ‘चेक इंजिन’चा दिवा मिचकावून कोड सांगतो. आकड्यावरचा काळा रंग आधी पॉलिश पेपरनं घासून काढायचा, कारण रंगातून वीज जात नाही. मग नुसती किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. दिवा एकदा मिचकावला, थांबला, मग दोनदा मिचकावला. १२. असं तीन वेळा. इंजिन बंद असताना १२ आला म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे. काकांनी स्टिअरिंगला नमस्कार केला. पुढचा कोड आला ४४: मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

तोवर आम्ही चारपाच जण चहाला जमलो होतो. त्यातला एक नवा मुलगा, सॉफ्टवेअरमधला, फोन काढून म्हणाला, “काका, ऑक्सिजन सेन्सर ऑर्डर करू का? उद्या येईल.”

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला!” काका म्हणाले. “अरे, तो सांगतोय हवा जास्त आहे. खरं बोलणाऱ्यालाच आधी घराबाहेर काढता तुम्ही लोक.”

मग त्यांनी संशयितांची हजेरी घेतली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सर फसतो. एखादा प्लग पेटत नसेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो, तेव्हाही फसतो. एअर पंपाचा व्हॉल्व्ह अडकला आणि हवा भलतीकडे गेली, तरी तेच. इतक्या ठिकाणी फसणाऱ्या या सेन्सरबद्दल काकांना जी माया आहे, ती त्यांच्या जावयाला अजून मिळायची आहे.

यानंतर ड्वेल मीटर. सोलेनॉइड किती वेळ चालू राहतो ते हा अंशांत दाखवतो. हा त्यांनी कुणाच्या तरी गराज सेलमधून आणला आणि तेव्हापासून तो देवघराखालच्या कपाटात असतो. गाडी आठ सिलिंडरची, पण मीटर सहाच्या पट्टीवर लावायचा. हे ऐकून प्रत्येक पाहुणा “का?” म्हणतो, आणि काका त्याच क्षणाची वाट पाहत असतात. सहाच्या पट्टीवर पूर्ण वेळ म्हणजे साठ अंश, म्हणून काटा तिसाच्या आसपास हलता राहिला की कारभार मधोमध. वर गेला तर कॉम्प्युटर पेट्रोल कापतोय, खाली गेला तर वाढवतोय. काटा दहाच्याही खाली पडून होता. काकांनी हातानं चोक हळूहळू बंद केला, हवा कोंडली आणि काटा तुरुतुरु वर चढला.

“सेन्सर निर्दोष! कॉम्प्युटर निर्दोष!” काका ओरडले. शेजारचा अमेरिकन म्हातारा गवत कापायचं थांबवून कुंपणापाशी आला. त्याला काय झालं ते कळलं नाही, पण त्यानं अभिनंदन केलं.

मध्यंतरी काकूंनी गाडी परस्पर एका गॅरेजमध्ये नेऊन दाखवली होती. तिथला पोरगा स्कॅनर लावायची जागा शोधत राहिला. ती जागा अमेरिकेत सगळ्या गाड्यांना सक्तीनं आली १९९६ पासून. शेवटी तो म्हणाला, हे सगळं काढून साधा कार्ब्युरेटर टाका. ठिणगी कधी पडायची तेही या गाडीत कॉम्प्युटरच ठरवतो, त्यामुळे मग डिस्ट्रिब्युटरही बदलावा लागेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी रात्री जेवताना ताक घेतलं नाही. त्यांच्या निषेधाची ही कमाल मर्यादा.

चोर सापडला तो रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनवर फिरवून. कार्ब्युरेटरच्या मागे, खालच्या अंगाला, व्हॅक्युमच्या पाइपाचा एक कोपरा चिरला होता आणि तिथून हवा फुसफुसत आत जात होती. रबराचा तुकडा. काकूंनी किंमत विचारली, काकांनी विषय बदलला. पाइप बदलला आणि काटा तिसाच्या अलीकडे-पलीकडे झोके घ्यायला लागला. मिसिंग गेलं. काका अर्धा तास तो काटा बघत बसले.

पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. काकांनी डिशवॉशर उघडला. मग काकूंच्या गुडघ्याचं निदान सुरू केलं आणि डॉक्टरांची औषधं लक्षणांवर आहेत, कारणावर नाहीत, असं जाहीर केलं. अखेर एका संध्याकाळी दुकानातून परतताना ते म्हणाले, “गरम असताना जरा उशिरा सुरू होते, नाही?”

“मला नाही वाटत,” काकू म्हणाल्या.

“तुला नाही वाटणार.”

काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

तेव्हा मिशिगनात कुणाकडे अशी जुनी गाडी मिसिंग मारत असेल, दिवा मिचकावत असेल, तर काकांना जरूर बोलवा. पैसे घेत नाहीत, चहा दोनदा लागतो. फक्त तोपर्यंत कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका आणि सेन्सर तर मुळीच बदलू नका.