दहाचे उमेदवार

जालन्याच्या मोती तलावाकाठी पहाटे जो गृहस्थ रस्त्यापेक्षा घड्याळाकडे जास्त बघत पळतो, तो दहाचा उमेदवार समजावा. चाळिशी ओलांडलेली, नव्या मोंढ्याकडे बियाण्याचं दुकान, आणि साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी एकदा नुसतंच 'हं' म्हटलेलं. सुरुवातीला विजेच्या दोन खांबांमध्येच धाप लागायची. आता पाच किलोमीटर बिनबोभाट होतात. सुखात होते बिचारे. तेवढ्यात पळणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'या रविवारी दहा'.

पाच जमले म्हणून दहा जमतील असं थोडंच आहे, हे त्यांचं म्हणणं. पहिले पाच ताज्या पायांनी पळायचे, दुसरे पाच त्याच थकलेल्या पायांनी. हिशोबात खोट काढता येत नाही. खरिपाच्या तोंडावर अख्ख्या तालुक्याची उधारी तोंडपाठ ठेवणारा माणूस आहे.

सोमवारी गुडघा 'काहीतरी' बोलतो. मंगळवारी तो गप्प बसतो, तर टाच बोलते. बुधवारी इंटरनेटवर टाचेची माहिती वाचून झाल्यावर हृदयाचीही वाचली जाते. मग तयारी: खजूर, ग्लुकोज, मीठ-साखरेच्या पुड्या, शिवाय रस्त्यात चक्कर आलीच तर म्हणून सोललेली मोसंबी. (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते यासाठी नसावं.) वास्तविक स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर सावकाश पळणाऱ्याला दीड तास सहज पुरते. उमेदवारांकडे मात्र काशीयात्रेची शिदोरी.

धीर यावा म्हणून ते अविनाश साबळेच्या शर्यती बघतात. साबळे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. पण धीर येण्याऐवजी असलेला जातो. तो गडी अडथळे आणि पाणी ओलांडत बर्मिंगहॅमला ८ मिनिटं ११ सेकंदांत मोकळा झाला. तेवढ्या वेळात आपल्या बुटाची नाडी मनासारखी बसत नाही.

आणि हेच गृहस्थ अंगारकी चतुर्थीला रात्री जालन्यातून निघून पायी राजूरच्या गणपतीला जातात! पंचवीसेक किलोमीटर, तेही अनवाणी. तेव्हा ना गुडघा बोलतो, ना टाच. बायकोनं नेमकं तिथंच बोट ठेवलं, "अहो, राजूरला जाताना कुठं जातं हे भ्या?"

"ते चालणं असतं," उमेदवार म्हणाले.

चालणं असतंच, पण मुख्य म्हणजे तिथं मोजणं नसतं. वाटेत फराळ असतो, चहा असतो, आणि भावकीच्या वाटणीचा विषय पंचवीस किलोमीटर पुरतो. लांब पळण्याचा नियमही याहून वेगळा नाही: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा.

ग्रुपमधले निवृत्त मास्तर हे ओळखून होते. तलावाला फेऱ्या मारल्या की दर फेरीला घरची वाट दिसते आणि उमेदवार त्या वाटेला लागतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून रविवारी मास्तरांनी त्यांना राजूर रोडनं सरळ बाहेर काढलं. उधारीचा विषयही मास्तरांनीच काढून दिला. बोलता बोलता पाच झाले.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढं. मी ऑटो बघतो."

"बघा," म्हणत मास्तर वळले.

त्या वेळेला त्या रस्त्यावर ऑटो कुठला? दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल गेली, तिच्यावर जागा नव्हती. दुकान उघडायचं होतं. मग उमेदवार निघाले. दोनदा चालले, एकदा ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर टेकले, मोसंबी खाल्ली, आणि शहरात शिरताना कुणी बघेल म्हणून उरलेलं अंतर रुबाबात पळाले. दहा झाले. तेही चालण्याच्या भरवशावर झाले, हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

सध्या एकवीसचं चाललं आहे. परवापासून दुसरा गुडघा बोलू लागला. मोती तलावाकडे गेलात तर यांना 'किती झाले?' असं सहज म्हणून विचारू नका. अर्धा तास उभं राहायची तयारी असेल, तर खुशाल विचारा.