खजिनदार नेदरलँड्सला गेले

शालिनीताईंना काही खास सांगायचं असलं की त्या आधी माझ्या कोथिंबिरीची चौकशी करतात. आमच्या दोघींच्या परसांमधल्या कुंपणाची एक फळी वादळात पडली आणि दोन्ही घरच्या पुरुषांनी ‘या वीकेंडला बसवू’ म्हणत ती तशीच ठेवली. इंग्लंडातली कुंपणं पुरुषभर उंच, पलीकडे कोण राहतं याचा पत्ता लागत नाही. त्या फटीने आमची फार सोय केली आहे.

“कोथिंबीर छान आलीय हं. बरं, परवाच्या मीटिंगचं कळलं का तुला?”

मीटिंग म्हणजे गणपतीची. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला होता, म्हणून महिन्याच्या पहिल्याच रविवारी मंडळाची कार्यकारिणी खजिनदारांच्या घरी बसली होती.

“हॉलच्या भाड्याचा हिशेब दाखवायचा म्हणून त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला. सगळे चहा घेत बसलेले. हॉलचा पत्ता काढायला गूगल उघडलं, तर बाई, सगळं डच भाषेत! बटणं डच, जाहिरात डच, नकाशा ॲमस्टरडॅमचा. अध्यक्ष म्हणाले, हे काय हो? तर म्हणतात, व्हीपीएन चालू राहिलं वाटतं, क्रिकेटसाठी घेतलंय.”

“असेल की. आमच्याकडेही आहे.”

“अगं, क्रिकेट चालू कुठे होतं? ओव्हलवर! इथून गाडीत बसलं की तासाभरात. ओव्हलची मॅच बघायला हा माणूस नेदरलँड्सला कशाला जाईल?”

मी कपडे वाळत घालायचं थांबवलं. कारण मुद्दा बिनतोड होता. इथे मॅच बघायची तर स्कायचे पैसे मोजा, नाहीतर भारतातलं ॲप लावा. त्यासाठी व्हीपीएनमध्ये तिरंगा निवडायला हवा. डच झेंड्याखाली ना स्काय दिसतं ना आपलं ॲप.

हा तिरंगाही तसा नावापुरताच. 2022 साली भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएनवाल्यांना फर्मान काढलं, गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवा. तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली यंत्रं उचलली. एक्सप्रेसवाल्यांनी मग भारताचा पत्ता दाखवणारी यंत्रं सिंगापूरला आणि चक्क इंग्लंडातच ठेवली. म्हणजे इथली मराठी बाई इथल्याच यंत्रावरून भारतात असल्याचं सोंग घेऊन मालिका बघते.

“मला एक सांग,” शालिनीताई फटीतून अर्ध्या आत आल्या, “हे नक्की चालतं कसं? आमच्या ह्यांना विचारलं तर विषय बदलतात.”

“शाळेच्या प्रवेशासाठी लोक मामाच्या घराचा पत्ता देतात ना, तसं. तुमची मागणी कुलूप लावून आधी त्यांच्या यंत्राकडे जाते, तिथून पुढे. समोरच्या साइटला मामाचाच पत्ता दिसतो. तुम्ही घरीच असता.”

“आणि मामाला सगळं माहीत असतं.”

हे मला सुचलं नव्हतं. पण ते नंतर.

झालं होतं असं. ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट 2023चा, पण त्यातली वयाची तपासणी 25 जुलै 2025 पासून बंधनकारक झाली. तसल्या, म्हणजे अश्लील साइटवर जायचं तर अठरा पूर्ण झाल्याचं सिद्ध करा. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरा, यंत्र वयाचा अंदाज बांधेल. नाहीतर पासपोर्टचा फोटो द्या, नाहीतर क्रेडिट कार्ड. ऑफकॉम ही नियामक संस्था लक्ष ठेवणार, आणि ऐकलं नाही तर दंड 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या बटणावर टिचकी मारून आत जायचे दिवस संपले. मग काय, त्याच वीकेंडला इथल्या ॲप स्टोअरच्या यादीत व्हीपीएनच व्हीपीएन वर चढले. प्रोटॉनवाल्यांनी सांगितलं की नव्या नोंदण्या 1,400 टक्क्यांहून जास्त वाढल्या.

“सगळे क्रिकेटवालेच असतील,” शालिनीताई म्हणाल्या.

त्यांचा नातू चौदा वर्षांचा. त्याने आजीला सांगितलं की डिस्कॉर्डवर चेहरा दाखवायची वेळ आली तेव्हा पोरांनी ‘डेथ स्ट्रँडिंग’ या व्हिडिओ गेमचा फोटो मोड उघडला आणि त्यातल्या नायकाचं थोराड तोंड कॅमेऱ्यापुढे धरलं. यंत्र म्हणालं, तोंड उघडा. यांनी बटण दाबून नायकाला आ करायला लावला. झाले साहेब अठरा वर्षांचे.

“तू करून पाहिलंस का, असं विचारलं मी त्याला. म्हणाला, मी फक्त बातमीत वाचलं. आता बोल.”

कायद्याची टिंगल करणं सोपं आहे, पण मला ती पूर्णपणे जमत नाही. इंग्लंडच्या बालक आयुक्तांच्या 2023च्या अहवालात मुलं अश्लील चित्रफिती पहिल्यांदा पाहतात ते सरासरी तेराव्या वर्षी, असं निघालं होतं. माझी मुलगी आता त्याच वयाची आहे. घरोघरी आईबापांनी लक्ष ठेवावं म्हणणाऱ्यांनी एकदा शाळेच्या बसमध्ये बसून यावं. तिथे दुसऱ्याच्या मुलाचा फोन असतो. याच आयुक्तांनी आता व्हीपीएनची पळवाटही बुजवा म्हणून सांगितलंय. वापरणं मात्र आजही गुन्हा नाही.

“आपल्याकडे बरं आहे,” शालिनीताई म्हणाल्या. “वयबिय विचारतच नाहीत.”

“विचारत नाहीत, कारण दुकानच बंद. 2018ला उत्तराखंड हायकोर्टाने आदेश दिला आणि सरकारने 827 साइट बंद करायला लावल्या.”

“बंद? आमच्या सांगलीच्या भाच्याकडे तेव्हापासून व्हीपीएन आहे. म्हणतो ऑफिसचं काम. किराणा मालाचं दुकान आहे त्याचं!”

हसू आवरेपर्यंत माझ्या हातातला चिमटा कोथिंबिरीत पडला.

माणसं पासपोर्ट दाखवायला का घाबरतात, हे मला समजतं. 25 जुलैलाच अमेरिकेतल्या ‘टी’ नावाच्या, फक्त बायकांसाठीच्या ॲपची बातमी फुटली. बाई असल्याची खात्री पटावी म्हणून घेतलेले सेल्फी आणि ओळखपत्रं धरून तेरा हजार फोटो उघड्यावर पडले. अशा दिवशी कोण आपला चेहरा अनोळखी कंपनीच्या हवाली करील? पण मग करतात काय, तर फुकटचं व्हीपीएन उतरवून घेतात, म्हणजे आपली सगळी ये-जा त्याहून अनोळखी माणसाच्या हवाली करतात.

शालिनीताईंचा मामा तो हा. फेसबुकने ओनाव्हो नावाचं व्हीपीएन विकत घेतलं होतं. लोकांना वाटायचं संरक्षण आहे, आणि लोक फोनवर काय-काय वापरतात ते फेसबुक त्यातून बघत होतं. 2018ला ॲपलने ते दुकानातून काढायला लावलं. 2024ला अमेरिकेने ‘911 एस5’ नावाचं जाळं पकडलं, ते तर याच्या वरताण. फुकट व्हीपीएन म्हणून लोकांनी संगणकात घातलं, आणि पलीकडून त्यांच्याच घरचा इंटरनेटचा पत्ता भामट्यांना भाड्याने दिला जात होता. असे 1 कोटी 90 लाखांवर पत्ते, जवळजवळ दोनशे देशांतले. पोलीस आले तर दार तुमचं वाजणार.

“खजिनदारांचं फुकटचं आहे का?” मी विचारलं. मला खरंच काळजी वाटली.

“छे! चांगलं पैसे भरून घेतलेलं आहे.” मग शालिनीताईंनी मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मंडळाच्या खात्यातून. खर्चात लिहिलंय, ‘संगणक सुरक्षा’.”

“काय सांगता! आणि हिशेब तपासनीसांनी पास केलं?”

“तपासनीस आमचे हेच ना.”

“मग त्यांनी विचारलं नाही?”

“विचारायला गेले होते तावातावाने. परत आले ते पासवर्ड घेऊन. एका खात्यावर म्हणे दहा उपकरणं चालतात.”

“दहा? मग बाकीची कोणाची?”

“कार्यकारिणीच नऊ जणांची आहे, मीनल.”

“आणि दहावं?”

“दहावा आमचा आयपॅड,” शालिनीताई म्हणाल्या. “मालिका कशावर बघू मी?”